बरडावरचं रिंगण

राजेहो, आमच्या वरच्या वावराच्या धुऱ्याला लागून दीड एकर बरड आहे. वीतभर खणलं की मुरूम लागतो. तिथं मोठाल्या दगडांचं एक रिंगण आहे, आडवं चाळीसेक फूट. आजा म्हणायचा, कोण्या गवळ्याचा जुना वाडा असंल. निम्मे दगड त्यानंच विहीर बांधायला नेले. उरलेल्यांवर वखर अडतो म्हणून आम्ही शिव्या घालत आलो.

यंदा तिथं शेततळं घ्यायचं ठरलं. प्लास्टिकच्या कागदाचं माप झालं, जेसीबीवाल्याला दिवसही सांगून झाला. मधात काटोल रोडनं जाताना सहज जुनापाणीला थांबलो आणि चरकलोच. तेच दगड, तशीच गोल मांडणी.

जुनापाणीच्या आसपास अशी ३०० च्या जवळपास वर्तुळं नोंदलेली आहेत. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथं खोदून पाहिलं होतं, १८७९ साली त्याचं लेखन छापून आलं. पुढं १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. मग शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड इथं काम केलं. ही वर्तुळं म्हणजे थडगी. अडीच हजार वर्षांहून जुनी, लोहयुगातली.

आत काय निघालं ते आपल्या कामाचं आहे. लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, कुदळी. काही कुऱ्हाडींना दांड्यावर आवळायला लोखंडी पट्ट्या आहेत; आपण अजून पाचर ठोकतो! माहूरझरीला माणसासोबत घोडा पुरलेला, त्याच्या तोंडावर तांब्याचे दागिने. आपण पोळ्याला बैल सजवतो, तसा त्यांनी मेलेल्याचा घोडा सजवला असावा. आणि हे लोखंड काही सगळं बाहेरून आलेलं नाही. पेंच नदीकाठी नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली, विटांची, गोल. गहू, जव, तांदूळ, मसूर असं जळकं धान्यही या लोकांच्या वस्त्यांतून मिळालंय. म्हणजे दोन्ही हंगाम घेणारी माणसं.

मले खरा विचार पडला तो जागेचा. ही वर्तुळं बहुतेक बरडावर, उंचवट्यावर दिसतात. मेलेल्यांना मुरमाड जमीन दिली अन् काळी पेरायला ठेवली, असं मला वाटतं. जमिनीची प्रतवारी त्यांनाही कळत होती. माती परीक्षणाचा कागद नसला तरी पायाला कळतं ना!

घरी सांगितलं तर धाकटा भाऊ म्हणे, "गप्प रहा दादा, वावर सरकारजमा होईल." गावातही हीच भीती आहे, म्हणून लोक रातोरात दगड हलवतात. कायदा असा आहे: संरक्षित स्मारक जाहीर झालं असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. जुनापाणीसारख्या जागेला हे लागू. प्रत्येक धुऱ्यावरचं रिंगण आपोआप संरक्षित होत नाही. तरी ज्याची विहीर अशा हद्दीत अडली त्याचा राग मी खोटा म्हणणार नाही. त्याच्याशी बोलायला कोणी येत नाही, नुसता निळा फलक येतो.

मी हिशेब केला. चाळीस फुटांचं रिंगण म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आत. तेवढ्यासाठी तळं साठ फूट खाली सरकवलं तर उतारही चांगला मिळतो. भावाला चुना टाकून आखून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण फिता त्यानंच धरला.

फोटो अन् जागेची नोंद नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास विभागात नेऊन देणार आहे. तुमच्या वावरात असं रिंगण असेल तर दगड हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, एका फोटोत माणूस उभा करा, म्हणजे माप कळतं. विहिरीतले आमचे दगड आता निघत नाहीत. पाणी उतरलं की तेवढे मोजून घेईन.