बेपत्ता होणे, बेपत्ता करणे

'बेपत्ता होणे' हे मराठीत अकर्मक आहे. माणूस बेपत्ता होतो. त्याला कोणी बेपत्ता केले, हा प्रश्न त्या वाक्यात उमटत नाही. मेक्सिकोतील स्पॅनिशमध्ये हेच क्रियापद सर्रास सकर्मक होते : 'त्यांना नाहीसे केले'. या सकर्मक रूपाचे वजन समजून घ्यायचे, तर दक्षिणेकडील गेरेरो प्रांताकडे पाहावे लागेल.

या प्रांताच्या दुर्गम डोंगरउतारांवर अफू पिकते. बोंडांना चिरा देऊन गोळा केलेल्या चिकाचे हेरॉईन होते आणि ते उत्तरेस अमेरिकेकडे जाते. इग्वाला हे त्या वाटेवरचे नाक्याचे शहर. याच प्रांतात आयोत्सिनापा येथे ग्रामीण शिक्षक घडवणारे विद्यालय आहे. तेथे शिकतात ती मुख्यतः गरीब शेतकऱ्यांची मुले. १९६८ साली २ ऑक्टोबरला मेक्सिको शहरात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला होता. त्या स्मृतिदिनाला जाण्यासाठी बसगाड्या मिळवायला ही मुले २६ सप्टेंबर २०१४ रोजी इग्वालात आली. त्या रात्री पोलिसांनी व त्यांच्या साथीदार बंदूकधाऱ्यांनी गाड्यांवर हल्ले केले. सहा जण मारले गेले. अनेकांना उचलून नेण्यात आले.

शोधाचा आरंभ वर्गमित्रांनीच केला. पहिल्या यादीत पन्नासहून अधिक नावे होती. लपून बसलेले परतत गेले तशी यादी आखडत गेली आणि ४३ वर थांबली. पुढे गावाभोवतीच्या टेकड्यांवर सामूहिक दफने सापडली, परंतु त्यांतील देह या मुलांचे नव्हते. मग ते कोणाचे? या प्रश्नाने इग्वालातील इतर कुटुंबांना धीर दिला. ज्यांनी भीतीपोटी तक्रारही नोंदवली नव्हती, अशी माणसे नोव्हेंबरपासून स्वतःच डोंगरात जाऊ लागली. जमीन भुसभुशीत लागली की लोखंडी सळई ठोकायची, ती उपसून टोकाचा वास घ्यायचा, हीच त्यांची संशोधनपद्धती.

सरकारची पद्धत वेगळी होती. २७ जानेवारी २०१५ रोजी महाधिवक्ता मुरियो कराम यांनी, अमली पदार्थांच्या टोळीने मुलांना कोकुला येथील कचराभूमीत जाळले, हे 'ऐतिहासिक सत्य' असल्याचे घोषित केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांनी ते अमान्य केले. सरकारी कथनातून एक पाचवी बस वगळली गेली होती. तिच्यात कदाचित हेरॉईन दडवलेले असावे, अशी शक्यता त्यांनी मांडली. ऑगस्ट २०२२ मध्ये सत्य आयोगाने या घटनेला शासकीय गुन्हा ठरवले, आणि त्याच महिन्यात मुरियो कराम यांना अटक झाली. पहिल्या दहा वर्षांत मात्र तिघांच्याच अवशेषांची ओळख पटली.

साहित्य व इतिहास शिकवणाऱ्या आम्हांला यात एक बोध दिसतो. 'ऐतिहासिक सत्य' हा शब्दप्रयोग येथे चौकशी मिटवण्यासाठी वापरला गेला. चौकशी जागती ठेवली ती इतिहासाची पदवी नसलेल्या शोधकर्त्यांनी. संहितेतून काय वगळले आहे, हे विचारायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. गेरेरोत तोच प्रश्न एका बसगाडीविषयी विचारावा लागला.

आयोत्सिनापाच्या विद्यालयात ४३ रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या असतात. प्रत्येकीवर एकेकाचे छायाचित्र. मोर्च्यांतून एक ते त्रेचाळीस अशी गणना होते. शिक्षक व्हायला निघालेल्या मुलांची हजेरी आता अशी घेतली जाते.