रुंद पडदा आणि तबकडीचे पान

महाबळेश्वरहून पाचगणीमार्गे पसरणीचा घाट उतरला की वाई लागते आणि वाईच्या शेजारी मेणवली. २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटातले चरणपूर गाव चित्रित झाले ते इथे. त्यात गावात सिनेमा दाखवतात. पडद्यापुढे वरच्या जातीचे बसतात, मागे खालच्या मानलेल्या जातींचे. आता मागच्यांना अक्षरे उलटीच दिसणार की!

पडदा कुणासाठी, हा प्रश्न तंत्रातही येतो. १९५३ साली अमेरिकेत सिनेमास्कोप आला. १९५९ साली गुरुदत्तांच्या ‘कागज के फूल’ने तो आपल्याकडे आणला. रुंद चित्र भिंगाने चेपून फितीवर घ्यायचे आणि पडद्यावर पुन्हा फाकवायचे, ही त्यातली युक्ती. १९९६ साली निघालेल्या डीव्हीडीनेही तीच उचलली. तबकडी लावल्यावर निवडीचे जे पान दिसते, ज्याला मेनू म्हणतात, ते रुंद आखून आपल्याकडे ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांत चेपायचे. पण घरोघरी संच होते चारास तीन आकाराचे, तेही कडा खाणारे. म्हणून चारी बाजूंना सुमारे दहावा हिस्सा मोकळा ठेवायचा, असा दंडक पडला. शिवाय आपली शिरोरेषा बारीक असली तर जुन्या संचावर थरथरते. ती जाडच काढावी लागे.

२००६ साली ब्ल्यू-रे आली. ठिपके १९२० गुणिले १०८० झाले आणि बारीक रेषाही स्थिर दिसू लागली. तरी जुना दंडक मोलाचाच. ज्याचा संच सर्वांत साधा, त्यालाही ‘सुरू करा’ हे शब्द धड वाचता यावेत. पडद्यामागे कुणी राहू नये, एवढेच.