पाटणचा मठ आणि गणिताची चित्रफीत

जळगांव जिल्ह्यांत, चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या कुशींत पाटण हें जुनें स्थान आहे. तेथील देवीच्या मंदिरांतला शिलालेख १८६५ सालीं डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं विद्वानांपुढें आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचें अध्यापन व्हावें म्हणून त्यांनीं येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ कुळांतील सोइदेवानें १२०७ सालीं त्यास उत्पन्न लावून दिलें, असें त्यांत नमूद आहे. लेखाचा कांहीं भाग मराठींत असून, दर घाण्यामागें एक पळी तेल मठास द्यावें, असें तेथें म्हटलें आहे. तेल्याच्या पळीवर चाललेली ही गणिताची शाळा खानदेशांत होती, हें पुण्यामुंबईच्या श्रोत्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें!

भास्कराचार्यांची लीलावती ११५० सालची. तींत १३५ ला १२ नीं गुणावयास सांगितलें आहे. बारांचे आठ आणि चार करा, १०८० व ५४० येतील. किंवा आधीं तिनांनीं, मग चारांनीं गुणा. उत्तर १६२० च. मोठें काम फोडून लहान करावयाचें, पायऱ्या क्रमानें लावावयाच्या, अनेक वाटांतून सोयीची निवडावयाची, या पद्धतीस आज संगणकीय विचार म्हणतात. अमेरिकेतील जेनेट विंग या विदुषीनें २००६ सालच्या लेखांत तो सर्वांस यावा असें प्रतिपादिलें. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतहि त्याचा उल्लेख आहे.

परंतु जुन्या पद्धतींत एक उणीव होती. गणित धूळपाटीवर चाले. आंकडा पुसून त्याच जागीं नवा लिहावयाचा. शेवटीं उत्तर तेवढें उरे, वाट नाहींशी होई. सूत्र पद्यांत मुखोद्गत असे, पण तें म्हणणारा ‘कां?’ या प्रश्नास उत्तर देईलच असा नेम नव्हता. तें काम टीकाकारांकडे आलें. १५४५ सालीं गणेश दैवज्ञांनीं बुद्धिविलासिनी रचून लीलावतींतील रीतींच्या उपपत्ति दिल्या.

पुसली गेलेली वाट पुन्हां दाखविणें, हेंच शिक्षणाच्या चित्रफितीचें खरें काम होय. १९८४ सालीं पुण्यास बालचित्रवाणी निघाली. तिचे पाठ दूरदर्शनवरून मुलांपर्यंत जात. २०१७ सालीं ती बंद झाली. आतां जळगांव-धुळ्याकडील शिक्षकास मोबाइलवरहि पाठाचें चित्रण करतां येतें. साधन स्वस्त झालें. रचना मात्र अवघडच राहिली. फळ्यापुढें बोलणारा शिक्षक दाखविल्यानें विचार दिसत नाहीं. १३५ ठिपक्यांच्या बारा ओळी मांडाव्या. आठ एका बाजूस, चार दुसऱ्या बाजूस सरकतांना दाखवाव्या. १०८० आणि ५४० हे आंकडे पुसूं नयेत. आणि बेरीज होण्यापूर्वीं चित्र थांबवून वर्गास विचारावें. न थांबतां धांवणारें चित्र म्हणजे नवी धूळपाटीच. थांबलेल्या चित्रासमोर एखादी मुलगी १३५ ची वीसपट करून त्यांतून आठपट वजा करील. ती वाटहि लीलावतींत सांगितलेली आहे.