आगकाड्या आणि मोगली

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या तसूतसूने सरकवीत, दर हालचालीला चित्र टिपीत, त्या पडद्यावर नाचविल्या. ती ‘आगकाड्यांची मौज’ आज पाहावयास मिळत नाही. त्या काळच्या नायट्रेटच्या फिती पेट घेत, नाहीतर कुजत. १९९३ साली दूरदर्शनने आम्हां मुलांना जपानी ‘जंगल बुक’ दाखविले. गीत गुलजारांचे, शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा! मोठेपणी त्याचे भाग जमवून मी मुलीसाठी हार्ड डिस्कवर जपले होते. गेल्या वर्षी ती डिस्क अकस्मात मुकी झाली. ना धूर, ना राख! वाचकहो, साधन बदलले, नशीब तेच. एका घरी कोंडलेले चित्र मरते, चार घरी गेलेले तगते. फराळाची ताटे आपण उगीच का शेजारी धाडतो?