कृपासिद्धांत आणि पाप : मराठी ख्रिस्ती परंपरेच्या संदर्भात

ख्रिस्ती ईश्वरविद्येत ‘कृपा’ म्हणजे माणसाची लायकी किंवा पुण्याई न पाहता देवाने त्याला आपणहून दिलेली क्षमा आणि त्या क्षमेबरोबर येणारे नव्याने जगण्याचे बळ होय. ही क्षमा कमावता येत नाही आणि फेडताही येत नाही, असे मानले गेल्यामुळे या सिद्धांतावर पहिल्या शतकापासून एक आक्षेप घेतला जातो : क्षमा फुकटच मिळणार असेल, तर पाप करायला हरकत ती कोणती? कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट या तिन्ही प्रमुख शाखांनी हा निष्कर्ष अमान्य केला असला, तरी तो अमान्य करताना प्रत्येकीने दिलेली कारणे सारखी नाहीत. महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर ग्रंथांपेक्षा पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या केडगाव येथील कार्यात आढळते.

आक्षेपाचा सर्वांत जुना उल्लेख नव्या करारातच आहे. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, हा प्रश्न पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच उपस्थित केला आणि तिथल्या तिथे तो ठामपणे फेटाळला. बाप्तिस्मा (पाण्याने होणारा दीक्षासंस्कार) म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे आणि त्याच्याबरोबर उठणे होय. तेव्हा जो पापाला मेला त्याने पुन्हा पापातच राहणे अर्थशून्य आहे, अशी त्याची मांडणी आहे. गलतीकरांस पत्रात तो मिळालेले स्वातंत्र्य देहवासनांना वाव म्हणून वापरू नका असे बजावतो. यहूदाच्या छोट्याशा पत्रात तर देवाच्या कृपेचे स्वैराचारात रूपांतर करणाऱ्यांविरुद्ध उघड तक्रारच आहे. कर्मांवाचून विश्वास निर्जीव असतो हे याकोबाच्या पत्रातील प्रतिपादन पौलाच्या विरोधात जाते असे अनेकांना वाटत आले. परंतु पौल क्षमेचे मूळ सांगतो आणि याकोब क्षमा मिळाल्याची खूण सांगतो, हे लक्षात घेतले म्हणजे दोघांतील अंतर बरेच कमी होते.

पुढील वादांचा इतिहास मोठा आहे. पाचव्या शतकात पेलाजियस याने माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने सदाचारी होऊ शकतो असे म्हटले, तेव्हा ऑगस्टीनने (३५४–४३०) ती इच्छासुद्धा कृपेनेच जागी होते असे उत्तर दिले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने केवळ विश्वासाने माणूस नीतिमान ठरतो, म्हणजे देवापुढे निर्दोष गणला जातो, असे शिकवले. पण त्याचाच सहकारी योहान आग्रिकोला याने ख्रिस्ती माणसाला नियमशास्त्राची, म्हणजे दहा आज्ञा व त्यांवर आधारलेल्या नैतिक विधींची, गरजच उरली नाही असे म्हणताच ल्यूथरने त्याच्याविरुद्ध जाहीर वाद घातला. कॅथलिक पक्षाने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत १५४७ मध्ये कृपा माणसाला आतून बदलते आणि माणूस तिला साथ देतो, अशी भूमिका निश्चित केली. या दोन परंपरांनी १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून मूलभूत मुद्द्यांवर एकमत नोंदवले. कृपा पापाला परवाना देते, असे त्या साडेचारशे वर्षांत दोन्ही बाजूंच्या अधिकृत शिकवणीत कधीच नव्हते, ही गोष्ट भांडणाच्या गदारोळात सहसा विसरली जाते.

मराठी भाषेत हा विषय प्रथम सविस्तर आला तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराण’ या ओवीबद्ध ग्रंथात (१६१६, रायतूर, गोवा). त्यांच्या कॅथलिक श्रोत्यांना कृपा ही संस्कारांच्या द्वारे मिळते असे शिकवले जाई. त्यांपैकी पापनिवेदनाच्या संस्कारात धर्मगुरूपुढे पाप कबूल करणे, मनापासून खेद वाटणे आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय करणे या गोष्टी आवश्यक असतात. खेद आणि निश्चय यांवाचून केलेली कबुली व्यर्थ ठरते, त्यामुळे आक्षेपाला येथे संस्काराच्या रचनेतच उत्तर दिलेले आहे. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनरी आले तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटले, कारण आता समोर कर्मसिद्धांत मानणारे शास्त्री उभे होते. काशीला वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) यांनी तरुणपणी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती मताचे खंडन केले. पूर्वकर्म न मानल्यास जन्मतःच आढळणाऱ्या सुखदुःखाच्या विषमतेचा दोष ईश्वराच्या माथी येतो, हा त्यांचा एक प्रमुख मुद्दा होता. हेच गोरे १८४८ मध्ये नेहेम्या हे नाव घेऊन ख्रिस्ती झाले आणि पुढे रमाबाईंच्या धर्मांतरामागील वैचारिक प्रेरणा ठरले.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक गृह चालवीत असत. त्या स्त्रियांपैकी काही सावरून स्वतःच इतर स्त्रियांची सेवा करीत असल्याचे रमाबाईंनी पाहिले. धर्मशास्त्रांनी अशा स्त्रियांना सांगितलेल्या कठोर शिक्षा त्यांनी वाचलेल्या होत्या. त्यामुळे या स्त्रियांची काळजी घ्यावीशी कोणाला का वाटावी, असे त्यांनी एका भगिनीला विचारले, तेव्हा उत्तरादाखल त्या भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. विहिरीवर भेटलेल्या या स्त्रीचे वैवाहिक आयुष्य येशू तिच्या तोंडावर सांगतो, पण तिला हाकलून देत नाही. हिंदू धर्म व ख्रिस्ती धर्म यांत खरा फरक आपल्याला प्रथम तेथे जाणवला, असे रमाबाईंनी पुढे १९०७ मधील आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात नमूद केले आहे. त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तरीही कृपेचा अर्थ आपल्याला पुरता उमगला नव्हता, असे त्या सांगतात. धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, या अवस्थेत त्या काही वर्षे होत्या. संस्कार, मते व नियम पाळून आपण हळूहळू योग्य होऊ अशी त्यांची समजूत होती. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना पटले की, योग्य होण्याची वाट न पाहता आहे त्या स्थितीतच क्षमा स्वीकारावी लागते. रमाबाईंच्या बाबतीत या जाणिवेचा परिणाम आळस किंवा बेफिकिरी असा मुळीच झाला नाही. दौंड तालुक्यातील केडगाव येथे त्यांनी मुक्तिसदन उभारले, १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या, आणि बळी पडलेल्या वा फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ नावाचे स्वतंत्र गृह काढले. ज्यांना सनातनी समाज घरात घेत नव्हता आणि ज्यांच्याबद्दल सुधारकही हलक्या आवाजात बोलत, त्यांना तेथे जेवण, कपडा, अक्षरओळख व एखादा धंदा मिळे. त्यांच्यापैकी पुष्कळजणी स्वतः गुन्हेगार नव्हत्या, दुसऱ्यांच्या पापाची शिक्षा भोगत होत्या. त्यामुळे कृपेचा विचार करताना पाप करणारा आणि पापाने चिरडला गेलेला यांत फरक करावा लागतो, हे कृपासदनाने जितके दाखवले तितके प्रवचनांनी क्वचितच दाखवले असेल. २९ जून १९०५ च्या सुमारास केडगावला सुरू झालेल्या धार्मिक जागृतीत मुलींनी आपले अपराध मोठ्याने कबूल करून रडत क्षमा मागितली. कृपेची जाणीव झाल्यावर पाप लपवण्याऐवजी बोलून दाखवावेसे वाटले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मराठी समाजाला अपरिचित होती ती मुख्यतः प्रायश्चित्ताशिवाय मिळणारी शुद्धी. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनच्या घरी राहिला होता, पण न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले व त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात मोठे वादळ उठले. एका भावाच्या बाबतीत शुद्धी कोणत्या विधीने होते याचा खल चालू असताना दुसरा भाऊ शुद्धी आधीच मिळाली आहे असे मानत होता, आणि पुढे त्याने निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली, जिथे गावकुसाबाहेरच्या माणसांना जमीन व शाळा मिळाली.

कृपेची कल्पना मात्र या प्रदेशाला नवी नव्हती. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईची जन्मभूमी. कुळ, विद्या वा विधी नसलेल्या माणसाला देव जवळ करतो, हे तेथील श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही. भक्तिपरंपरेलाही तोच आक्षेप भेडसावत होता : नामाच्या बळावर पाप करणे हा नामापराधांपैकी एक अपराध मानला गेला. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे म्हटले, ते या सलगतेमुळे. फरक इतकाच की, ख्रिस्ती सिद्धांतात क्षमेचा आधार वधस्तंभावरील येशूचे मरण हा आहे. तेथे पापाची किंमत माफ होत नाही, देवाने ती स्वतःवर घेतली असे मानले जाते, आणि म्हणूनच पाप क्षुल्लक ठरत नाही.

सिद्धांताचा गैरवापर मात्र प्रत्यक्षात घडतो. जर्मन ईश्वरशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ मधील ग्रंथात अनुसरणाशिवाय वाटल्या जाणाऱ्या कृपेला ‘स्वस्त कृपा’ म्हटले. भारतीय मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायांत, तिचे ओळखीचे रूप असे : अन्याय करणारा देवाची क्षमा मिळाली असे सांगतो आणि अन्याय सोसणाऱ्याने, बहुधा बाईने, गप्प बसावे अशी अपेक्षा केली जाते. ही अपेक्षा शास्त्राला धरून नाही. जक्कय या जकातदाराच्या कथेत क्षमेच्या पाठोपाठ लुबाडलेल्यांना चौपट परतफेड येते. जुन्या मराठी मंडळ्यांतही उघड अपराध करणाऱ्याला पश्चात्ताप दिसेपर्यंत प्रभुभोजनापासून, म्हणजे भाकर व द्राक्षरसाच्या सामूहिक विधीपासून, दूर ठेवण्याची शिस्त होती. राज्याच्या कायद्यालाही कृपा रद्द करीत नाही. ओडिशातील मनोहरपूर येथे जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांची दोन मुले जाळून मारली गेली, तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली. खटला मात्र आपल्या मार्गाने चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली.