पाकोळीच्या विटेचा मागोवा

इंग्लंडमधल्या काही नव्या घरांच्या भिंतीत, वळचणीच्या थोडं खाली, एक वेगळी वीट बसवलेली असते. बाहेरून ती शेजारच्या विटांसारखीच दिसते. तिच्या तळाशी तेवढी एक आडवी फट असते, सुमारे तीन सेंटिमीटर उंच आणि साडेसहा सेंटिमीटर रुंद. आत पोकळी. मे महिन्यात आफ्रिकेतून आलेली पाकोळी भर वेगात त्या फटीत शिरते. तिचं वजन जेमतेम चाळीस ग्रॅम, पाय इतके तोकडे की फांदीवर बसणं तिला जमत नाही. पिल्लं वाढवण्याचे आठवडे सोडले तर तिचा मुक्काम हवेतच. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की काही पाकोळ्या सलग दहा महिने जमिनीला टेकत नाहीत.

ही वीट पक्षिप्रेमातून आली असेल असं कुणालाही वाटेल, पण तिचे पूर्वज स्वयंपाकघराशी बांधलेले आहेत. सोळाव्या शतकात फ्लँडर्स आणि नेदरलँड्समधले लोक घराच्या भिंतीवर भाजक्या मातीची मडकी आडवी टांगत. मडक्याचं अरुंद तोंड बाहेर, पाठ भिंतीला टेकलेली आणि पाठीला हात जाईल एवढं मोठं भोक. चिमण्या आत घरटं करत. पिल्लं अंगानं भरली की मडकं खुंटीवरून उतरवायचं, मागून हात घालायचा आणि पिल्लं थेट रश्श्यात. पुढे हीच मडकी इंग्लंडमध्ये आणि तिथून अमेरिकेतल्या व्हर्जिनियातही पोचली.

इटलीत तर पाकोळ्यांसाठी मनोरेच बांधले गेले. भिंतीत ओळीनं भोकं, प्रत्येक भोकामागे एक कप्पा आणि तो आतून उघडण्याची सोय. उडायला आलेली पिल्लं काढून घेत, पण घरट्यात एखादं मागे ठेवण्याचा रिवाज होता, म्हणजे जोडी पुढच्या वर्षीही परत येई. हेतू पोट भरण्याचा होता, हे खरं. तरीही पाकोळी किती उंचावर येते, केवढ्या भोकातून शिरते आणि वर्षानुवर्षं त्याच जागी कशी परतते, याचं इतकं नेमकं ज्ञान त्या गवंड्यांकडे होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आजच्या विटेची मापं काढणाऱ्यांना हेच सारं नव्यानं शिकावं लागलं.

इस्तंबूलमध्ये वेगळा वंश दिसतो. तिथे मशिदींच्या भिंतींवर दगडात कोरलेली चिमण्यांची घरं आहेत, सज्जे आणि घुमट असलेली, छोट्या महालांसारखी. उस्कुदारच्या आयाझ्मा मशिदीवरची घरं अठराव्या शतकातली. ऊन मिळेल आणि वारा लागणार नाही अशी बाजू पाहून ती कोरलेली आहेत. इथे पाखरांना आसरा देणं हेच पुण्य होतं.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जर्मनीत हान्स फॉन बेर्लेप्श या सरदारानं सुतारपक्ष्याच्या ढोलीची हुबेहूब नक्कल करून लाकडी पेट्या बनवल्या आणि कृत्रिम घरट्याचं शास्त्र झालं. पाकोळीपुरता मोठा टप्पा मात्र ऑक्सफर्डचा. तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या मनोऱ्यात हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या वाटांत पाकोळ्या राहत होत्या. १९४८ च्या सुमारास पक्षिअभ्यासक डेव्हिड आणि एलिझाबेथ लॅक यांनी त्या वाटांमागे पेट्या बसवल्या आणि पेट्यांच्या पाठीला काच लावली. मडक्याच्या मागच्या भोकातून पूर्वी हात जात असे, इथे नजर जाऊ लागली. डेव्हिड लॅक यांचं पाकोळीवरचं पुस्तक १९५६ मध्ये आलं, आणि मनोऱ्यातल्या नोंदी त्यांच्यानंतरही चालू राहिल्या.

या साऱ्या काळात बहुतेक पाकोळ्या अशा मुद्दाम केलेल्या जागांत राहतच नव्हत्या. कौलाखालची सापट, गिलावा निघालेली भेग, वाशाच्या टोकाची पोकळी, म्हणजे माणसाच्या कामातली कसूर, हेच त्यांचं घर होतं. मग इंधन वाचवायचं ठरलं. भिंतींना उष्णतारोधक थर चढले, सापटी बुजल्या, छपरं हवाबंद झाली. ऊर्जेच्या हिशेबात हे सगळं योग्यच, पण त्या हिशेबात माणूस आणि वीजबिल यांपलीकडे कुणी मोजलंच गेलं नाही. पाकोळी परत येई तेव्हा तिची जागा लिंपलेली असे. किडे घटल्याचा फटकाही बसला. ब्रिटनमध्ये १९९५ नंतर पाकोळ्या निम्म्याहून कमी झाल्या आणि २०२१ साली त्या चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत गेल्या. पर्यावरणपूरक म्हणून नावाजलेल्या घरानं शेजाऱ्याला बाहेर काढावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. घर गरम ठेवायचं आणि पक्ष्यालाही ठेवायचं, तर भोक आराखड्यातच यायला हवं. वीट नेमकं तेच करते.

ब्रायटन शहरानं पाच मीटरपेक्षा उंच नव्या इमारतींना परवानगी देताना अशा विटांची अट घालायला सुरुवात केली. नव्या घरांत ही वीट सक्तीची करा, अशी मागणी करणाऱ्या लेखिका हॅना बोर्न-टेलर यांच्या याचिकेवर लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या आणि जुलै २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली. घरामागे सरासरी किमान एक अशी जागा असावी, असं २०२२ चं ब्रिटिश मानक सांगतं. अनुभव असा की त्या विटेत चिमण्याही आनंदानं राहतात.

नुसतं भोक पुरत नाही, ही विटेची मर्यादा म्युनिकमध्ये ओळखली गेली. लँडस्केप आर्किटेक्ट थॉमस हाउक आणि परिसंस्थांचे अभ्यासक वोल्फगांग वाइसर यांनी प्राण्याचं संपूर्ण जीवनचक्र आराखड्यात धरायची पद्धत मांडली. तिथल्या एका निवासी संकुलात चिमणी, वटवाघूळ, हेजहॉग आणि हिरवा सुतारपक्षी हे सुरुवातीपासून रहिवासी म्हणून गृहीत धरले गेले. चिमणीला भोकाबरोबर धूळस्नानाची जागा, झुडुपं आणि पिल्लांना भरवायला किडेही लागतात, मग तेही नकाशावर आले.

आपल्याकडे ही वीट तशीच उचलून आणण्यात अर्थ नाही. पुलांखाली, वेशींच्या कमानींत आणि जुन्या इमारतींच्या सज्ज्यांखाली थव्यानं राहणारी आपली पाकोळी वेगळी. ती पिसं आणि गवत लाळेनं चिकटवून स्लॅबच्या खालच्या बाजूला एकाला एक लागून घरटी करते. तिला पोकळीपेक्षा खडबडीत, सावलीतली, उंच जागा हवी आणि खाली झेप घ्यायला मोकळं अंतर. रंगकामाची परांची चढते तेव्हा ही घरटी पहिल्यांदा खरवडली जातात. कंत्राटात पिल्लं उडेपर्यंत थांबण्याचं एक कलम घालायला फारसा खर्च येत नाही, आणि आर्किटेक्टनं सज्ज्याखालचा एक पट्टा गिलावा न घोटता सोडला तर त्यालाही नाही.