पवनाकांठचें कीर्तन आणि घरची साथ



भिन्न जातींचीं गाणीं एकाच बैठकींत गुंफावींत, हाताशीं असतील तीं वाद्यें घ्यावींत आणि विजेच्या यंत्रांवर फारसें विसंबून न राहतां समोरच्या मंडळींस तीं ऐकवावींत, असा प्रघात हल्लीं तरुण गायकवादकांत रूढ होत आहे. अभंगाला गिटारीची साथ, संबळाशेजारीं बासरी, असा मेळ ते जमवितात आणि त्याला ‘बँड’ म्हणतात. कित्येक वृद्धांना हा प्रकार परका वाटतो, तर कित्येक तरुणांना तो अगदीं अपूर्व वाटतो. माझ्या मतें दोन्ही समजुती तपासून पाहण्यासारख्या आहेत. त्यासाठीं फार दूर जावयास नको. थेरगांवाहून पवना नदी ओलांडली कीं मोरया गोसाव्यांच्या समाधीचें चिंचवड लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें असा एक मेळ होता, आणि तो सारा एकाच घरांतला होता.

तो मेळ कीर्तनाचा होता. कीर्तनाला आपण भक्तीचें साधन म्हणतों, आणि तें खरेंच आहे. परंतु संगीताच्या दृष्टीनें पाहिलें तर कीर्तनाइतका मिश्र प्रकार महाराष्ट्रांत क्वचितच दुसरा असेल. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगांत एखादा अभंग घेऊन त्याचें निरूपण होतें, उत्तररंगांत आख्यान रंगतें. आख्यान सांगतांना बुवा कधीं ओवी म्हणतात, कधीं श्लोक, कधीं आर्या. करुण प्रसंगीं साकी किंवा दिंडी येते, आणि युद्धाचा प्रसंग आला कीं धांवता कटाव सुरू होतो. मध्येंच एखादें पद शास्त्रोक्त रागांत, लगेच दुसरें ओळखीच्या लोकचालीवर. गद्य व पद्य, विनोद व वैराग्य हीं सर्व दोन-तीन तासांत एका सूत्रांत ओंवलीं जातात. तें सूत्र म्हणजे कथा.

हें मिश्रण एका दिवसांत झालेलें नाहीं. अठराव्या शतकांत अमृतरायांनीं कटाव गाजविला. सोलापूरचे रामजोशी हे आधीं तमाशाच्या फडांतले शाहीर. पुढें ते कीर्तनकार झाले, आणि मोरोपंतांची विद्वज्जड आर्या त्यांच्या मुखानें सामान्य जनांच्या कानीं पडली. म्हणजे लावणीचा गळा आणि पंडिताची कविता यांची गांठ कीर्तनानें घालून दिली. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतून पेटी आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास ती हातानें भाता हलवून, मांडी घालून वाजवितां येईल अशी केली, आणि पाहतां पाहतां ती देवळांत शिरली. ज्या नभोवाणीवरून मी बोलत आहें, तिनें १९४० सालीं ह्याच पेटीला परकी म्हणून बंदी घातली होती. १९७१ पासून ती बंदी अंशत: उठूं लागली. परंतु कीर्तनकारांनीं तोंपर्यंत पेटीला घरची लेक करून टाकलें होतें.

आतां चिंचवडच्या त्या घराकडे वळूं. हरि विनायक चापेकर हे तेथील कीर्तनकार. एके काळीं चांगलें खातेंपितें असलेलें हें कुटुंब पुढें ओढगस्तीला लागलें, आणि हरिभाऊंनीं कीर्तन हा पेशा पत्करला. घरांतल्याच कांहींना हा पेशा हलका वाटे. पैसे देऊन साथीदार ठेवावे एवढी ऐपत नव्हती; म्हणून त्यांनीं आपल्या मुलांनाच साथीला तयार केलें. त्यांतला थोरला दामोदर, २५ जून १८६९ रोजीं जन्मलेला. त्याच्या पाठचे बाळकृष्ण व वासुदेव. बाप कथा सांगत आहे आणि मुलें मागें साथ धरून बसलीं आहेत, असा हा मेळ गांवोगांव हिंडला. पुढें कैदेंत असतांना दामोदरानें आत्मवृत्त लिहिलें. ह्या भ्रमंतींतून आणि नित्य श्रवणांतून जें ज्ञान मिळालें, त्याची किंमत त्यानें शाळेंतल्या परीक्षांहून कमी मानलेली नाहीं.

ह्या बंधूंची पुढची कथा सर्वश्रुत आहे. प्लेगच्या साथींतील जुलमाचा सूड म्हणून २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्याच रात्रीं आयर्स्ट हाहि मारला गेला. दामोदर १८ एप्रिल १८९८ रोजीं फांसावर गेला. वासुदेव ८ मे १८९९ रोजीं आणि बाळकृष्ण १२ मे रोजीं. शाळेंत इतिहास शिकवितांना आम्ही ह्या तारखा मुलांकडून घोकून घेत असूं. परंतु त्यांच्या आयुष्यांतलीं कितीतरी अधिक वर्षें साथ करण्यांत गेलीं, हें आमच्या पाठ्यपुस्तकांत नव्हतें. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालांत चापेकरांच्या शिवाजी-श्लोकाचा व गणपति-श्लोकाचा उल्लेख आहे. कीर्तनानें पिस्तूल हातीं दिलें, असें मी म्हणणार नाहीं. कीर्तन ऐकून सहस्रावधि लोक शांतपणें घरीं जात. परंतु सभेपुढें छंदोबद्ध शब्द कसा टाकावा, हें ज्ञान त्यांना वडिलांच्या मागें बसून झालें, असें मानण्यास पुष्कळ जागा आहे.

ह्यावरून आजच्या मेळांविषयीं दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी कीं, गिटार आली म्हणून विटाळ मानूं नये. पेटीहि अशीच आली होती. पाहावयाचें तें इतकेंच कीं, वाद्यें आणि चाली कोणत्या तरी कथेची, भावाची सेवा करीत आहेत, कीं नुसतीं एकमेकांशेजारीं मांडून ठेविलीं आहेत. कीर्तनांतलें मिश्रण टिकलें तें त्यांत सूत्र होतें म्हणून. दुसरी गोष्ट आपणां गृहस्थांची आहे. चापेकरांच्या घरांत वाद्यें शिकलीं गेलीं तीं गरजेपोटीं. आज बटण दाबतांच पाहिजे तें गाणें घरांत ऐकूं येतें. पण गाणाऱ्याच्या मागें बसून, त्याच्या श्वासाबरोबर थांबावयाचें आणि त्याच्याबरोबर उठावयाचें, हें शिक्षण बटणानें मिळत नाहीं. आपल्या भागांत असा एखादा मेळ आला तर मुलांना घेऊन अवश्य जावें, त्यांना पुढच्या रांगेंत वादकांचे हात दिसतील असें बसवावें, आणि घरीं परतल्यावर माळ्यावर पडलेली पेटी खालीं काढून तिच्यावरची धूळ झटकावी.